नस कोणती, धावजीबा?

धावजीबाशी माझी ओळख भांडणातून झाली. त्या भांडणात चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. पुढे चूक झाली ती दोघांची झाली, आणि तीच सांगायला बसले आहे.

मी विमल. घाटंजीकडच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी. नागपुरात नर्सिंग शिकले आणि सत्तावन्न साली फुलसावंगीच्या पलीकडच्या एका गावात दोन खोल्यांच्या सरकारी दवाखान्यात आले. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि भांडायला येतील. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. उरलेले सहा दिवस दवाखाना म्हणजे मी, आयोडीनची बाटली आणि माझं तोंड. तोंडाचाच उपयोग जास्त व्हायचा.

हाड मोडलेला माणूस मात्र माझ्या पायरीला कधी शिवायचा नाही. तो सरळ दीड मैलावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात धावजीकडे जायचा. धावजीचा आजा बैलांवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरायचा. माळरानात बैलाचा पाय मोडला तर बसवणार कोण? म्हणून आज्यानं ते शिकून घेतलं. बाप बैलांवरून माणसांच्या हाडांकडे वळला. धावजीपर्यंत येता येता आजूबाजूच्या पंधरा गावांची मोडलेली हाडं त्याच्या अंगणात येऊ लागली. याबद्दल तो कोणाकडून काही घ्यायचा नाही. फार आग्रह झाला तर विडीचं एक बंडल.

मी आले त्याच वर्षी आमच्या गावचे मारोतराव गाडीवरून पडले. दुसऱ्या दिवशी पाहते तर हाताला एरंडाची पानं, वरून बांबूच्या कामट्या आणि लुगड्याच्या पट्ट्या बांधलेल्या. माझं डोकंच फिरलं. छत्री घेतली आणि तरातरा तांड्यात गेले. पंचावन्नच्या घरातला एक बारीक माणूस अंगणात बसून कामट्या तासत होता.

"माणसाच्या अंगात आत काय काय असतं ते तुम्हाला माहीत तरी आहे का?" मी म्हटलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

त्यानं कामटी खाली ठेवली. "हाये ना. तीन वस्तू असतात."

"तीन?"

"एक पांघरूण, एक बांधणी, एक ओढ. चौथी काही नाही. बसा, बाई. उन्हातून आल्या."

मी बसले नाही. पण ऐकत राहिले, कारण हा माणूस तांड्याचं बकरंही कापायचा. तांड्यात बकरं कापलं की घराघरात सारखा वाटा जातो, आणि तो वाटा पाडण्याचं काम तीस वर्षं धावजीचं होतं. आत काय असतं ते त्यानं शेकडो वेळा उघडून पाहिलं होतं. मी पाहिली होती चित्रं आणि शाळेत लटकवलेला एक सांगाडा, त्याचाही एक हात तुटका.

पांघरूण म्हणजे नुसती वरची कातडी नव्हे, असं त्याचं म्हणणं. "तोंडात बोट घाला. गालाले आतून लागते तेही पांघरूणच. आतड्यालेही आतून असते. ते राखणही करते आन् खाल्लेल्यातलं कामाचं तेवढं अंगात घेते. लवकर फाटते, पण लवकर भरूनही येते." बांधणी म्हणजे हाड, कुर्चा, चरबी आणि मांसाला हाडाशी धरून ठेवणारे ते पांढरे चिवट दोर. "हे नसते तं माणूस गोणपाटावाणी पडून राह्यला असता." आणि ओढ म्हणजे मांस. "मांसाले ढकलता येत नाही, बाई. त्याले फक्त ओढता येते. हात वाकवाचा तं पुढचं ओढते, सरळ कराचा तं मागचं ओढते. हाड मोडलं का हे मांसच त्याले दोन्हीकडून ओढून वाकडं करते. म्हणून मी पह्यले मांसाले निजवतो, मंग हाडाले हात लावतो."

बाप्पा! माझ्या नागपूरच्या वहीत हेच लिहिलेलं होतं, फक्त शब्द तेवढे जड. आता शाळेच्या पुस्तकात त्याला ऊती म्हणतात. आमच्या वेळी मास्तरीणबाई टिश्यू म्हणायच्या आणि आम्ही तसंच देवनागरीत उतरवून घ्यायचो. आवरण घालणारा, जोडणारा, आकसणारा. हा माणूस अंगठा उठवून सही करायचा आणि माझी वही मलाच पाठ म्हणून दाखवत होता. मला त्याचा रागच आला, खोटं कशाला बोलू?

"आणि रक्त कशात?" मी विचारलं.

"ते वेगळं. पातळ."

"वेगळं नाही. रक्तही बांधणीतच धरतात. सगळ्या अंगाला एकमेकांशी जोडतं ना ते?"

तो हसला. आतून त्याची बायको रुक्माबाईही हसली. "पातळ बांधणी! पुस्तक लिवणाऱ्यानं बकरं नसीन कापलं कधी."

"चार प्रकार असतात," मी आवाज चढवला. "चौथी नस. डोक्यातून निघते, पाठीच्या कण्यातून खाली येते आणि अंगभर जाते. तिच्यामुळे आपल्याला कळतं. हात हलव हा हुकूमही तिच्यातूनच जातो."

धावजीनं मूठ वळून मनगट पुढे केलं. आतल्या बाजूला दोर ताठ उभे राहिले. "हे नस. हे तं बांधणीतच आली." मग बाजूची निळी रेघ दाखवली. "हेही नस. याच्यातून रक्त जाते. आमच्याकडं नस चढते, नस दबते, नस फुटते, वैद नस पाह्यते. तुमची कोणती यातली?"

आता काय सांगणार? आमच्या घाटंजीकडेही सगळ्यांना नसच म्हणतात. दोर, रक्ताची नळी आणि माझी ती चौथी, तिन्हींना मिळून आमच्या भाषेत एकच शब्द. त्या दिवशी मी थोडी शांत बसून तिघींना तीन नावं ठेवली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मी चिडते. छत्री उचलली आणि निघून आले.

मारोतरावांचा हात सव्वा महिन्यात सरळ झाला.

त्यानंतर आमचं जमलं. बाजाराच्या दिवशी धावजीबा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचा आणि आमचा वाद पुढे सुरू व्हायचा. एकदा म्हणाला, "बकऱ्याचं काळीज बाहेर काढलं तरी घडीभर फडफडते. त्याले कोण सांगते ओढ म्हणून?" मी वही काढून सांगितलं, मांस तीन तऱ्हेचं असतं. हातापायाचं आपलं ऐकतं, आतड्याचं आपलं ऐकत नाही, आणि काळजाचं तर कोणाचंच ऐकत नाही, जन्मापासून आपलं आपण चालतं. त्यानं विडी विझवली. "हे बरं सांगतलं," म्हणाला. त्या एका वाक्यानं मी चार दिवस खूष होते.

एकसष्टच्या डिसेंबरात ज्वारीची कापणी सुरू होती. तांड्यातली लखीरामची बायको मानीबाई, पंचवीस-सव्वीसची, तिच्या हातातला विळा घसरला आणि डाव्या हाताला मनगटाच्या चार बोटं वर खोल गेला. मानीबाई म्हणजे तांड्यातली पहिल्या नंबरची सुई. आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचं भरतकाम तिच्यासारखं कोणाला यायचं नाही. लग्न ठरलं की ओढणीचं कापड आधी तिच्या घरी जायचं.

मी पोचले तेव्हा धावजीबानं रक्त थांबवलेलं होतं. वाहणारं तोंड शोधून त्यानं ते दोऱ्यानं बांधून टाकलं होतं. मी जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताची सुई दिली. आणि विचारलं, "नस तर नाही ना कापली?"

"कापली होती," धावजीबा म्हणाला. "बांधली मी."

"नीट?"

"रक्त थांबलं ना."

मग तो मानीबाईला म्हणाला, "बोटं वाकव." तिनं वाकवली. पाचही वाकली. दोर शाबूत होते. त्याच्या लेखी दोन्ही नसा ठीक होत्या, माझ्या लेखी तिसरीही. मी माझ्या नसेबद्दल विचारलं आणि त्यानं त्याच्या नसेबद्दल उत्तर दिलं. एक काडी घेऊन बोटाला टोचायची, कळतं का विचारायचं, याला किती वेळ लागतो? नाही टोचली. माझ्या हातून ते राहिलं.

जखम इतकी सुरेख भरली की बघत राहावं. पंधरा दिवसांत बायका धावजीच्या हाताचं कौतुक करायला लागल्या, थोडं माझ्याही टाक्यांचं. आम्ही दोघांनी ते मजेत ऐकून घेतलं.

फेब्रुवारीत मानीबाई एका ओढणीवर काम करत बसली होती. कापडाखाली डावा हात, वरून सुई. शेजारची बाई म्हणाली, "अवं, कापडाले रक्त लागून राह्यलं ना!" मानीबाईनं हात बाहेर काढला तर तर्जनीला चार ठिकाणी टोचलेलं, आणि तिला पत्ताच नाही. चार दिवसांनी भाकर उलटताना बोटं तव्याला चिकटली. वास आला तेव्हा तिला समजलं.

तिची सासू सुखीबाई चुलीजवळच होती. तिनं सगळं पाहिलं. मग उठून तिनं मानीबाईचा लोटा वेगळा केला, ताटली वेगळी केली आणि सहा वर्षांच्या नातीला, लालीला, उचलून आपल्या झोपडीत नेलं.

सुखीबाईला मी तेव्हा खूप शिव्या घातल्या, मनात. पण तिचं ऐकलं तेव्हा तोंड बंद झालं. तिच्या मोठ्या भावाला महारोग झाला होता. त्याचीही बोटं अशीच आधी बधिर झाली होती, त्यालाही विस्तव कळायचा नाही. त्याला नाल्यापलीकडे खोपी घालून दिली होती, आणि ती लहानपणी रोज लांबून त्याच्यापुढे भाकर ठेवून यायची. एक दिवस भाकर तशीच पडून राहिली. "म्या पाह्यलं हाये, बाई," ती मला म्हणाली. "तुम्ही पुस्तकात पाह्यलं अशीन."

होळी झाली की नसाब बसणार असं ठरलं. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. मानीबाईला नाल्यापलीकडे ठेवायचं का, एवढंच तिथे ठरायचं होतं. पोरगी सासूकडे राहणार हे तर जणू ठरल्यासारखंच झालं होतं.

धावजीबा माझ्याकडे आला. पायरीवर बसला नाही. "बाई, मानीचा हात पाहाले चला," म्हणाला.

मी तिला पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. अंगावर कुठे महारोगाचा चट्टा नाही. कोपरामागे हाताला लागणारी गाठ नाही. मग काडी घेतली, जी डिसेंबरात घ्यायला हवी होती. अंगठा बधिर, तर्जनी बधिर, मधलं बधिर, अनामिका अर्धी. करंगळी मात्र चांगली जागी.

"केव्हापासून?"

"कापलं त्या दिवसापासूनच," मानीबाई म्हणाली. "मले वाटलं जखम भरली का येईन."

"अगं, मग सांगितलं काहून नाही?"

"विचारलं कोणी?" ती म्हणाली. रागानं नाही, साधंच म्हणाली. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"नस कापली गेली आहे," मी धावजीबाला म्हटलं.

"नस तं मी बांधली होती."

मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला समजलं की त्याला समजलं. मानीबाई एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती.

दोन दिवसांनी तांड्यात पाहुण्यांसाठी बकरं कापलं. धावजीबा पळसाच्या पानांत गुंडाळून त्याचा पुढचा अख्खा पाय माझ्याकडे घेऊन आला. खांद्यापासून खुरापर्यंत त्यानं तो उकलला होता. रक्ताच्या नळीच्या बाजूनं एक पांढरा, चमकदार दोरा जात होता.

"हा मी तीस वर्षं पाहून राह्यलो," तो म्हणाला. "बांधणीतलाच एक समजत होतो. पण बांधणी दोन्ही टोकांले कशाले तरी धरते, बाई. हाडाले नाही तं मांसाले. हा कशालेच धरत नाही. कापला तं रक्त येत नाही. ओढला तं खूर हालत नाही. नुसता जाते. वरून खालपर्यंत नुसता जाते, बारीक होत होत मांसात आन् कातडीत शिरते. मंग हा हाये कायले?"

"खबर न्यायला," मी म्हटलं. "विस्तव लागला ही खबर वर न्यायची, हात काढ हा हुकूम खाली आणायचा."

"खबर," तो म्हणाला. आणि त्या पायाकडे पाहत तिथंच बसून राहिला. मी चहा केला तो त्यानं घेतला नाही.

आठवड्याच्या फेरीला डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या भागासकट. त्यांनी मानीबाईच्या हातावर जखमेपासून खाली बोटानं हळूहळू ठोकत नेलं. एका जागी, मनगटाच्या घडीशी, ती दचकली. "बोटात मुंग्या आल्या," म्हणाली. बधिर बोटांत! डॉक्टर म्हणाले, तुटलेली दोन्ही टोकं नशिबानं जवळ राहिली आहेत आणि नस आपणहून वाढते आहे. जिथे ठोकल्यावर मुंग्या येतात तिथपर्यंत ती पोचली. महिन्याला जेमतेम एक इंच वाढेल. कातडी पंधरा दिवसांत भरते, हाड दीड महिन्यात सांधतं, पण या दोऱ्याइतकं सावकाश अंगात काही वाढत नाही. आता उघडण्यात अर्थ नाही, वाट पाहा.

नसाबच्या आदल्या दिवशी मी धावजीबाला म्हटलं, "महारोग नाही एवढं मी सांगते. मी सरकारी बाई आहे. तुम्ही काही बोलू नका. तुमचं नाव कशाला खराब करता?"

"मंग बोटं बधिर काहून झाली, हे विचारतीन. तुम्ही काय सांगाल?"

मला सांगता येण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. कारण सांगितल्याशिवाय कोणी ऐकणार नव्हतं, आणि कारण म्हणजे धावजी.

नसाब सकाळी नायकाच्या दारच्या लिंबाखाली बसली. फुलसिंग नायक मध्ये, माणसं गोल करून, बायका मागे. मानीबाई एकटी, सगळ्यांपासून हातभर नव्हे चांगली दहा हात दूर बसवलेली. लाली आजीच्या मांडीवर होती आणि आईकडे जाण्यासाठी सारखी चुळबूळ करत होती.

धावजीबा उठला. पागोटं काढून त्यानं हातात घेतलं. "मानीले रोग नाही," म्हणाला. "तिचा हात मी खराब केला. आत खबर नेणारा एक दोरा असते, तो कापला गेला होता. मले तो माहीतच नव्हता. मी रक्ताची नस बांधली आन् समजलो का झालं. तीन महिने लोकं माह्या हाताचं कवतिक करत होते आन् मी ऐकून घेत होतो."

एकच गलका झाला. कोणी म्हणालं, धावजी म्हातारा झाला. कोणी म्हणालं, मग आमच्या पोराचा पाय त्यानंच बसवला, त्याचं काय? नायकानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही होत्या ना तिथं?"

खरं सांगते, आदल्या दिवशी मला हे बोलायची हिंमत नव्हती. पण तो म्हातारा उघड्या डोक्यानं उभा होता. "होते," मी म्हटलं. "दोरा मला माहीत होता. मी नस म्हणून विचारलं, त्यानं नस म्हणून सांगितलं. कोणती नस, हे मी विचारलं नाही. निम्मी चूक माझी आहे. खरं तर निम्मीहून जास्त."

"तुम्ही दोघं तिले वाचवाले बोलून राह्यले," सुखीबाई मागून म्हणाली.

"मंग तू ये," धावजीबा म्हणाला. "तूच ठोकून पाह्य. दोरा जिथवर वाढला तिथंच मुंग्या येतीन."

मानीबाईच्या डोळ्यांवर तिचीच ओढणी बांधली. सुखीबाई पुढे आली. चार महिन्यांच्या बाळाला हात लावावा तसा तिनं सुनेचा हात धरला आणि जखमेवर ठोकलं. काही नाही. खाली ठोकलं. काही नाही. मुद्दाम कोपराशी ठोकलं, करंगळीच्या बाजूला ठोकलं. मनगटाच्या घडीशी आली आणि मानीबाई म्हणाली, "आता. आता आल्या मुंग्या." सुखीबाईनं तिला फसवण्यासाठी पुन्हा वर ठोकलं, पुन्हा बाजूला ठोकलं. प्रत्येक वेळी घडीशीच.

नायकानं एक दोरा मागवला. जखमेपासून त्या जागेपर्यंत मोजून दोऱ्याला गाठ मारली आणि तो दोरा आपल्या डबीत ठेवला. "आखाजीले पुन्हा मोजू," म्हणाला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. "दोरा वाढला तं धावजी खरा. तवर मानी आपल्या घरी राहीन."

"आन् लाली?" मानीबाईनं विचारलं.

सुखीबाई म्हणाली, "तवर माह्यापाशी."

ते दोन महिने मला आठवायला नको वाटतात. पोरगी पंचवीस पावलांवर राहायची आणि रडायची. मानीबाई दारात बसून तिला लांबूनच गाणं म्हणून दाखवायची. भाकर टाकताना ती आता प्रत्येक वेळी बोटांकडे डोळ्यांनी बघायची, कारण बोटं सांगणार नव्हती. धावजीबा रोज सकाळी यायचा आणि हात पाहून जायचा.

आखाजीला नायकानं डबी उघडली. या वेळीही डोळे बांधले आणि सुखीबाईनंच ठोकलं. घडीवर काही नाही. तळहातावर आली, अजून पुढे आली, अंगठ्याच्या उंचवट्यापाशी मानीबाईनं हात झटकन मागे घेतला. दोरा लावला. पहिल्या गाठीपासून दुसरी गाठ दोन इंचांना थोडीशी कमी.

सुखीबाई दोऱ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग लालीला आईकडे ढकलून म्हणाली, "जाय तुह्या याडीपाशी." आणि स्वतः पदरात तोंड घालून रडायला लागली. मीही रडले. रडू आलं तर रडावं माणसानं.

मानीबाई सुटली, आणि धावजीबा अडकला. खरं बोलण्याचं हे असंच असतं, मला त्याचा आजही संताप येतो. दुसऱ्या महिन्यापासून त्याच्या अंगणात कोणी हाड घेऊन येईना. मारोतरावांचा पुतण्या पडला तर त्याला गाडीत घालून थेट पुसदला नेला. मारोतरावांनी! ज्यांच्या सरळ हाताचं श्रेय त्याचं होतं त्यांनी! मी त्यांच्या घरी जाऊन भांडून आले. त्यावर धावजीबा मला म्हणाला, "कायले भांडता? बरोबरच हाये त्यायचं." आणि कामट्यांची जुडी त्यानं रुक्माबाईला चुलीत घालायला दिली. तिनं घातली नाही, वळचणीला खोचून ठेवली.

मानीबाईच्या अंगठ्यात आणि तर्जनीत हळूहळू जाणीव आली. मधलं बोट मठ्ठच राहिलं, ते आजही मठ्ठ आहे.

त्रेसष्टच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाजाराचा दिवस नव्हता, तरी मी तांड्यात एका बाळंतिणीला पाहायला गेले होते. येताना धावजीबाच्या अंगणात टेकले. तेवढ्यात मानीबाई लालीला कडेवर घेऊन आली. पोरगी बोरीच्या झाडावरून पडली होती. डावा हात कोपराखाली वाकडा लोंबत होता. मागून लखीराम बैल जुंपलेली गाडी घेऊन उभा, त्याच्या मागे सुखीबाई.

"गाडी तयार हाये," लखीराम म्हणाला. "पुसदले नेतो म्हणतो तं ऐकत नाही."

धावजीबा उठून उभा राहिला आणि दोन पावलं मागे सरला. "मानी, मी आता हात लावत नाही. तुले माहीत हाये. तुह्या हाताचं काय केलं मी."

मानीबाईनं पोरीला त्याच्यापुढे खाटेवर बसवलं.

"तुवा काय चुकवलं ते मले माहीत हाये, काका," ती म्हणाली. "बाकीचे काय चुकवतात, ते मले कोण सांगीन?"

धावजीबा खाली बसला. लालीचा वाकडा हात त्यानं हळूच मांडीवर घेतला आणि हाडाला बोटही न लावता आधी तिची करंगळी चिमटीत धरली.

"लाली," त्यानं विचारलं, "कळते का?"